आवाज संपेपर्यंत ऐका

माझ्या आजाराला एक खोड आहे. तो पाहुण्यांसमोर येत नाही. सकाळी कुणी घरी आलं तर मी चांगली ताठ बसलेली असते, हसत-बोलत असते, वर "अजून एक लाडू घ्याच" असा आग्रहही करते. तोच माणूस दुपारनंतर आला तर त्याला अर्ध्या उतरलेल्या पापण्या दिसतील, आणि मी नाकातून काहीतरी बोलते आहे एवढंच त्याला कळेल. सकाळची वसुधा आणि संध्याकाळची वसुधा या दोन वेगळ्या बाया आहेत. सरकारने एकदा सकाळच्या बाईची भेट घेतली आणि संध्याकाळच्या बाईचं पेन्शन बंद करून टाकलं. ते मी परत कसं मिळवलं, ते सांगायला बसले आहे.

ज्यांचा आजार बाहेरून दिसत नाही, आणि "तुम्ही तर चांगल्या दिसता" हे ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते. डॉक्टरी माहिती मी देणार नाही, ती डॉक्टरांना विचारा. कचेरीत ताठ कसं उभं राहायचं, आणि उभं राहता येत नसेल तर बसून ताठ कसं राहायचं, एवढं मला सांगता येईल.

पाचवा तास

मी बडोद्याच्या एका सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडत होते, गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि माझा आवाज दर दुपारी नाहीसा होत होता.

सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेताना आवाज खणखणीत असे. पाचव्या तासापर्यंत तो नाकात शिरायचा. मुलांना वाटे, बाई कुणाची तरी नक्कल करताहेत. ती हसायची आणि मीही हसून वेळ मारून न्यायची. मग फळ्यावरच्या ओळी दोन-दोन दिसायला लागल्या. चष्मा बदलला. पुन्हा बदलला. सासूबाईंनी दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी मला बाहेर बसवून माझ्या यजमानांना विचारलं, की घरी काही कटकट आहे का. अरविंद, म्हणजे माझे यजमान, रेल्वेत नोकरीला. त्यांनी बाहेर येऊन मला विचारलं, "वसू, आपल्या घरी कटकट आहे का गं?" मी म्हटलं, आजपर्यंत नव्हती, हा डॉक्टर बदलला नाही तर होईल.

खरी घाबरले ती एका रविवारी. आम्ही दोघं सेव-उसळ खायला गेलो होतो. चार घास खाल्ले आणि जबडा मिटेना. हनुवटीला हाताने खालून आधार द्यावा तेव्हा कुठे घास चावला जाई. समोरच्या बाकावरचे लोक बघत होते. मी पदर तोंडाशी धरला आणि खाणं थांबवलं. अरविंदनी दोन्ही बशा बाजूला सारल्या आणि मला घरी आणलं.

नाव मिळालं तो दिवस

शेवटी आम्ही मेंदू आणि नसांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. थोड्या वेळात माझ्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. मग त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आता गप्पा मारू. गप्पा मारता मारता माझ्या पापण्या आपोआप वर गेल्या. खोली लख्ख दिसायला लागली. मी बोलले, तर तो माझा सकाळचा आवाज होता, भर संध्याकाळी.

अरविंद रडले. मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि तेही दोन-दोन नव्हे, एकच अरविंद, अगदी स्पष्ट.

आजाराचं नाव मायस्थेनिया. डॉक्टरांनी मला शिक्षिकेला समजेल असं सांगितलं: नस हुकूम देते, पण स्नायूला तो नीट ऐकू येत नाही. पहिले काही हुकूम ऐकू येतात, मग तो बहिरा होत जातो. विश्रांती दिली की पुन्हा ऐकतो. गोळीने तेवढ्यापुरतं चालतं. मला त्या दिवशी आनंदच झाला, हे कुणाला विचित्र वाटेल. पण मी वेडी नव्हते, खोटी नव्हते, आणि माझ्या घरी कटकट नव्हती. इंजेक्शनचा अंमल ओसरला आणि रिक्षात माझ्या पापण्या पुन्हा मिटल्या, तरी मी हसतच होते.

वॉर्डातली हजेरी

हसू फार दिवस टिकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात साधा ताप आला आणि श्वासच धरेना. मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. तिथले दिवस मी सगळे सांगत नाही. सकाळी चादर बदलणारी आया, मग नर्सचा ट्रे, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग दुपारची ती लांबच लांब शांतता आणि पंख्याचा आवाज. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटे सांगू? मरणाची नाही. हाक मारता न येण्याची.

शेजारच्या खाटेवर सावली गावच्या कोकिलाबेन होत्या. शेतावर पाय मोडून आलेल्या, बडबड्या, पान खाणाऱ्या. एका दुपारी माझा घसा थुंकीने भरला आणि गिळता येईना. ओरडायला आवाज नव्हता, हात उचलायला ताकद नव्हती. कोकिलाबेननी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि स्वतःचा स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर असा बडवायला सुरुवात केली, की अख्खा वॉर्ड धावत आला. त्या दिवसापासून मला काही हवं असलं की त्याच पेला बडवायच्या. नर्स वैतागायच्या. मी त्या पेल्याची आयुष्यभर ऋणी आहे.

श्वासाची नळी निघाल्यावर तरुण डॉक्टर रोज येऊन म्हणत, काहीही बोला, न थांबता, आवाज किती टिकतो बघू. मला दुसरं काय पाठ? मी माझ्या शेवटच्या वर्गाची हजेरी घ्यायला लागले. आमडेकर सुहास, इंगळे रेखा, कदम विलास. पहिल्या दिवशी कदमांच्या विलासवरच गाडी थांबली. पुढे या आजारावरचाच उपाय म्हणून छातीतली ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी जायच्या दिवशी मी पवारांच्या विजयपर्यंत पोचले. कोकिलाबेन म्हणाल्या, उरलेली पोरं घरी जाऊन मोजा.

शाळेत मात्र परत जाता आलं नाही. हजेरीच्या मध्यावर आवाज हरवणारी बाई दिवसभर शिकवणार कशी? सरकारी वैद्यकीय मंडळाने तपासलं, अपंगत्व मान्य केलं आणि मला पेन्शन सुरू झालं. त्यात माझ्या गोळ्या येत. आणखी एक गोष्ट त्यात येई, ती म्हणजे माझी अब्रू. आजारी आहे हे सरकारनेच कबूल केलं होतं.

पाहुणा

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

सासूबाई बडोद्याच्याच दांडिया बाजारातल्या, जुन्या मराठी वस्तीतल्या. त्यांचे आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आणि ती पलटण सासूबाईंच्या पाठीच्या कण्यात अजून होती. त्यांचा नियम असा, की आजारपण आतल्या खोलीत, पाहुणा बाहेरच्या खोलीत, आणि या दोघांची गाठ पडता कामा नये. चार माणसांत पडलेला चेहरा दाखवायचा नाही. त्यामुळे कुणी येणार असलं की मी आधी गोळी घ्यायची, तिचा अंमल चढला की केस विंचरायचे, बरी साडी नेसायची, आणि पाहुण्याला चहा सुनेनेच द्यायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तेवढा अर्धा-पाऊण तास मी जुनी वसुधा असायची.

पेन्शन सुरू होऊन काही वर्षं झाली होती. एक दिवस शेजाऱ्यांकडे फोन आला, की उद्या सकाळी पेन्शनच्या कचेरीतून पंड्याभाई येतील. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, जिवंत असल्याची सही घ्यायला येत असतील. सासूबाईंनी सकाळपासून घर झाडून काढलं. मला वेळेत गोळी दिली. पोह्यांवर बारीक शेव पेरली.

पंड्याभाई आले, मध्यमवयीन, घामेजलेले, चप्पल बाहेर नीट जोडून ठेवणारे. मी ट्रे घेऊन बाहेर गेले. त्यांनी विचारलं, "केम छो, बेन?"

मी म्हटलं, "मजामां." मजेत.

बडोद्यात राहणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही. इथे माणूस सलाईनवर असला तरी "केम छो"ला "मजामां" म्हणतो. मी तर पोह्यांची बशी दोनदा भरली, त्यांच्या मुलीच्या दहावीची चौकशी केली, तिने नागरिकशास्त्र कसं वाचावं यावर एक व्याख्यान दिलं आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. ते गेले आणि दुपारी मी डाळीचं पाणी गिळता येत नाही म्हणून आडवी पडले. सासूबाई म्हणाल्या, पाहुणा खूश होऊन गेला हो. फारच खूश होऊन गेला होता.

तुम्ही तर बऱ्या झालात

पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झालं नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. बँकेतल्या माणसाने वरच्या कचेरीत विचारायला सांगितलं. अरविंद रजा काढून गेले, तर खिडकीतून उत्तर मिळालं, बेन आल्या तरच सांगू. मी गेले, सकाळीच गेले, कारण दुपारी मला जिने चढता येत नाहीत. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तमे तो साजां थई गयां छो ने, बेन." बऱ्या झालात, म्हणून बंद झालं. पत्र? पत्र कशाला, वरूनच आलं.

मी घरी येऊन पडून राहिले. पैशांची ओढाताण होती, ती होतीच. अरविंद गोळ्या आणायचे, पण मी हळूच दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवायला लागले होते, आणि त्याने गिळणं आणखी बिघडत होतं. पण मला जाळत होतं ते वेगळंच. एका हळदीकुंकवाला नात्यातल्या एक बाई हसत म्हणाल्या, "इतकी वर्षं सरकारला बरं बनवलंस गं." म्हणजे मी खोटी ठरले होते. कुणीही मला एक शब्द न विचारता मी खोटी ठरले होते.

घरात कुणी कुणाशी नीट बोलेना. सासूबाईंनी पोहे करणंच सोडून दिलं. त्या मला म्हणाल्या काहीच नाहीत, पण हे आपल्याच नियमाने ओढवलं, हे त्यांना कळून चुकलं होतं. अरविंदनी एक बेत काढला. ओळखीतून चाकांची खुर्ची आणायची, गळ्याला पट्टा बांधायचा, गोळी न घेता मला उचलून कचेरीत न्यायचं आणि साहेबांसमोर ठेवायचं.

मी नाही म्हटलं. ते चिडले. म्हणाले, आजारी माणसाने आजारी दिसायला काय हरकत आहे? मी म्हटलं, "अहो, आहे त्यापेक्षा बरी दिसले म्हणून गेलं. आता आहे त्यापेक्षा वाईट दिसून ते परत आणायचं नाही मला. मी आहे तेवढीच आजारी आहे, आणि तेवढीच दिसणार." आमचं त्यावर कडाक्याचं भांडण झालं. अर्थात माझा आवाज मध्येच गेला, त्यामुळे भांडण त्यांनी जिंकलं. पण खुर्ची आली नाही.

फळ्यावरचं वाक्य

दांडिया बाजारात सासूबाईंच्या माहेरच्या शेजारी एक वकीलबाई राहत. सासूबाई स्वतःहून मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या, हे मी त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं समजते. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बंद करण्याआधी तुम्हाला नोटीस आली? नाही. कारण लेखी दिलं? नाही. कशावरून ठरवलं तो कागद दाखवला? नाही. तुमचं म्हणणं ऐकलं? नाही.

मग त्या म्हणाल्या, तर मग पेन्शन परत द्या अशी विनवणी करू नका. आधी हे चार प्रश्न विचारा. सरकारला तुमचं पेन्शन थांबवता येतं, पण तुम्हाला न ऐकता थांबवता येत नाही.

मला हसूच आलं. कुणालाही त्याची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा करता येत नाही, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत हमखास येतं म्हणून खाली दोन रेघा मारायला लावल्या होत्या. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी खिडकीतल्या बाईंना "बरं" म्हणून घरी आले होते.

अर्ज मी सकाळी सकाळी लिहिला, माझ्याच अक्षरात. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का मारायचं त्यांच्या जिवावर येतं, पण मारतात. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. त्या बाई म्हणाल्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून द्या, सुनावणी कशाला? मी म्हटलं, सर्टिफिकेटही देते आणि सुनावणीही घेते.

बऱ्याच फेऱ्यांनंतर पंड्याभाईंच्या अहवालाची नक्कल हातात आली. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. बेन हिंडत्याफिरत्या आहेत. चहा-नाश्ता स्वतः आणून दिला. स्पष्ट आणि भरपूर बोलतात. तब्येत विचारली असता मजेत असल्याचं स्वतः सांगितलं. शेवटी खाली, बहुतेक सवयीने, लिहिलं होतं की कुटुंब संस्कारी आहे. सासूबाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, बघ, निदान तेवढं तरी लिहिलंय मेल्याने.

सुनावणीची तारीख आली. कृपा म्हणून सकाळचा पहिला नंबर दिला होता. मी परत पाठवला. कळवलं, की मला दुपारचा शेवटचा नंबर द्यावा. कचेरीत म्हणे त्याची चर्चा झाली, की शेवटचा नंबर मागून घेणारी ही पहिलीच बाई.

सुनावणी

त्या दिवशी गोळी रोजच्या वेळेला घेतली, ना आधी ना नंतर. घरातली साधी सुती साडी नेसले. अरविंद सोबत होते, त्यांना मी बजावलं होतं की मध्ये बोलायचं नाही.

साहेब वयाने मोठे, शांत, गुजराती. बाजूला पंड्याभाई फाइल घेऊन बसले होते आणि माझ्याकडे बघणं टाळत होते. मी माझं म्हणणं मांडायला सुरुवात केली, हिंदीत, कारण माझं गुजराती बाजारापुरतं. नोटीस नाही, कारण नाही, अहवाल दाखवला नाही, ऐकलं नाही. चारही मुद्दे मांडून झाले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आवाज जात नव्हता.

भर दुपारी, इतकं बोलून, आवाज ठणठणीत. संतापाने म्हणा, भीतीने म्हणा, अंगात कुठून तरी बळ आलं होतं. इतकी वर्षं ज्याने ऐन वेळी दगा दिला, त्याने त्या दिवशी साथ देऊन दगा दिला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सौम्यपणे म्हणाले, "बेन, आप इतना अच्छा बोलती हैं. हमसे भी अच्छा. तो फिर तकलीफ क्या है?"

अरविंद उठायला लागले. मी त्यांना हाताने बसवलं.

मी म्हटलं, "साहेब, मला जितका वेळ ऐकाल, तितकं खरं तुम्हाला कळेल. थोडं ऐकलं की मी बरी वाटते. पंड्याभाईंनी थोडंच ऐकलं, त्यांचा दोष नाही. तुम्ही माझा आवाज संपेपर्यंत ऐका. माझ्या वर्गाची हजेरी घेऊ दे मला."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आम्ही शेवटचेच होतो. बाहेर कुणी थांबलं नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, लीजिए हाजिरी.

आमडेकर सुहास. इंगळे रेखा. कदम विलास. घाटगे मीना. चव्हाण प्रकाश. मी वर्गात घ्यायची तशी घेत गेले, प्रत्येक नाव संपूर्ण, प्रत्येक नावानंतर मुलाने "हजर" म्हणावं एवढं थांबून. जाधवांच्या सुनीतापाशी आवाज थोडा खाली आला. तांबे, निंबाळकर. नाकातून वारा जायला लागला. पवारांच्या विजयचा "मवार" झाला, आणि तिथे मला सुटल्यासारखं वाटलं. आला होता, माझा आजार अखेर पाहुण्यासमोर आला होता. मी थांबले नाही. पापण्या उतरल्या तेव्हा एका बोटाने उजवी पापणी वर धरली आणि साहेबांकडे बघत पुढची नावं घेतली. मान पुढे पडायला लागली तशी दुसऱ्या हाताने हनुवटी धरली. मोहिते कोण आणि शिर्के कोण, ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ओठ हलत होते, एवढंच. आणि मग तेही हलेनात.

अरविंदनी माझी मान आपल्या खांद्यावर टेकवून घेतली. साहेबांनी घाईघाईने चहा मागवला. बडोद्याची माणसं, दुसरं काय करणार? चहा आला. मी कप तोंडाला लावला आणि घोट गिळला गेला नाही, नाकातून परत आला, साडीवर सांडला. मी पदराने तोंड झाकलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच झाकलं नाही. मला लाज वाटली नाही, मला विजयी वाटत होतं, नाकातून चहा गळत असताना.

साहेबांनी पंड्याभाईंना विचारलं, हे तुम्ही पाहिलं होतं? पंड्याभाई उभे राहिले. म्हणाले, "ना साहेब. हुं तो चा पीने नीकळी गयो." मी तर चहा पिऊन निघालो. त्यांचे डोळे भरले होते. त्या क्षणी मला त्यांचा राग येईना.

साहेबांनी माझ्यासमोरच निर्णय सांगितला. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता पेन्शन थांबवलं ते चूक, तो हुकूम रद्द. थांबलेलं सगळं मिळेल आणि पुढचं चालू राहील. खात्याला पुन्हा तपासणी हवी असेल तर मंडळावर या आजाराचा जाणकार डॉक्टर हवा, आणि तपासणी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. मी "थँक यू" म्हणायचा प्रयत्न केला. जे काही निघालं त्यावर साहेबांनी हात जोडले.

घरी सासूबाई फाटकात उभ्या होत्या. मला बोलता येत नव्हतं, म्हणून अरविंद सांगायला लागले. त्यांचाही आवाज फुटेना. शेवटी मी स्वयंपाकघरातून एक पेला आणला आणि कट्ट्यावर जोरजोरात बडवला. सासूबाई समजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पोहे झाले.

मजामां

मंडळाने तपासलं, दोनदा, सकाळी आणि दुपारी, आणि अपंगत्व कायम ठेवलं. आज औषधं चांगली लागू पडली आहेत, गिळणं सुधारलं आहे, श्वासाचा तो प्रकार पुन्हा झाला नाही. मी जगते आहे, आणि बरी जगते आहे. कोकिलाबेन सावलीहून कधीमधी येतात आणि अजून पोरं मोजून झाली का विचारतात. अजून नाही म्हटलं की खूश होतात.

पण शेवट पंड्याभाईंचाच करते. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. या वेळी कारणासकट पत्र आधी आलं होतं, आणि वेळ त्यांनीच दुपारची ठेवली होती. मी गोळीची वेळ बदलली नाही. केस विंचरले नव्हते. सासूबाई दारात होत्या, त्यांनी माझ्या विस्कटलेल्या वेणीकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला, आणि पाहुण्याला थेट आतल्या खोलीत, माझ्या पलंगापाशी घेऊन आल्या. पलटण मागे हटली ती तेवढीच एकदा.

पंड्याभाई खुर्चीच्या कडेवर बसले. हातातली फाइल उघडली नाही. काय विचारावं ते त्यांना सुचेना, म्हणून बडोद्याच्या माणसाला जे सुचतं तेच त्यांनी विचारलं.

"केम छो, बेन?"

मी एका बोटाने पापणी वर केली. आवाज नाकातून येत होता, पण येत होता.

"आजे सारुं नथी, भाई," मी म्हटलं. "बेसो. आखी वात सांभळो." आज बरं नाही; बसा, सगळं ऐकून घ्या.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नीट मागे टेकून बसले.